एका खोडातले सात वाडगे

माझ्यावर सर्वात जास्त उपकार सुरतच्या नाना कातारींचे आहेत. ऑफिसातल्या माझ्या सत्काराच्या दिवशी मी हे बोललो, तेव्हा पुढच्या खुर्चीवरच्या साहेबांनी विचारलं, "कोणत्या कॉलेजला होते ते?" नाना कोणत्याच कॉलेजला नव्हते. डिंडोलीत एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा खराद होता, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायचं यंत्र. त्यांना अंक येत, अक्षर एकही येत नव्हतं. त्या शेडच्या माळ्यावर मी नव्वदच्या दशकातली पाच वर्षं भाड्याने राहिलो आणि बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीही झालं नव्हतं.

माझ्या टेबलावर कडुनिंबाचा एक मोठा वाडगा आहे. काठापासून तळापर्यंत त्याला चीर गेली आहे आणि ती पितळी तारेच्या टाक्यांनी शिवली आहे. त्या वाडग्यात एक पत्र आहे. ते मीच नानांना लिहिलं होतं. नाना वारल्यावर त्यांच्या भाचीने वाडग्यासकट ते मला आणून दिलं.

"मामा सांगून गेले, हे त्याचं आहे, त्यालाच द्या," ती म्हणाली. मग पर्समधून एक कोरा कागद काढला. "आणि म्हणाले, मिळालं अशी सही घेऊनच द्या."

मी सही केली. नानांचा कारभार त्यांच्या मागेही तसाच चालला होता.

नानांचा कोणावरही विश्वास नव्हता. दुधवाल्यावर नव्हता, रेडिओवर नव्हता, घड्याळावर तर मुळीच नव्हता. शेडमध्ये दोन घड्याळं होती. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून. दोघांत तीन मिनिटांचा फरक पडला की नाना बाहेर येऊन रस्त्यावरच्या माणसाला वेळ विचारायचे आणि त्याने सांगितल्यावर त्याचं मनगट धरून स्वतः घड्याळ बघायचे. कटिंग चहा मागवला तर पोराबरोबर टपरीपर्यंत जाऊन पातेल्यात काय पडतं ते बघत उभे राहायचे. टपरीवाला म्हणायचा, "नाना, तुम्हीच उकळा ना." नाना म्हणायचे, "मग तू पिशील का?"

मी प्रथम खोली विचारायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं. धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव सांगितलं. पांडेसऱ्यात एका डाइंग हाउसच्या लॅबमध्ये कापडाचे रंग जुळवायच्या कामावर लागलोय, हेही सांगितलं. त्यांना ते काहीच नको होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या स्टँडवर पाण्याची टाकी कोणत्या हाताला आहे?" मी म्हणालो, उजव्या. त्यांनी मान हलवून मला परत पाठवलं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "टाकी डाव्या हातले शे." मधल्या काळात त्यांनी आमच्या गावचा एक लूम कारागीर शोधून काढला होता.

मी म्हणालो, "नाना, तो बसमधून उतरणाऱ्याचं सांगतोय. मी बस पकडायला येणाऱ्याचं सांगितलं."

त्यांनी डोळे मिटले. मनातल्या मनात स्टँडवर जाऊन दोन्ही बाजूंनी तोंड करून पाहिलं असावं. मग म्हणाले, "बरोबर शे. ये ऱ्हावाले."

त्यांचं एक वाक्य होतं: "दखं कोनी?" म्हणजे पाहिलं कोणी? अहिराणीतलं हे एवढंसं वाक्य ते सगळीकडे वापरायचे. अमक्याच्या घरी लक्ष्मी आली, दखं कोनी? तमका मुलगा परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे, दखं कोनी? मला सर्वात जास्त त्रास झाला तो इतिहासाच्या बाबतीत. मी बाहेरून बी.ए.ला बसलो होतो आणि माझा मुख्य विषय इतिहास होता.

कामावरून आल्यावर मी माळ्यावर पुस्तक उघडायचो आणि खाली खराद घरघरत असायचा. माळ्याच्या फळ्या थरथरायच्या, अक्षरं हलायची. पण मी काही बोललो नव्हतो. कमी भाड्याच्या खोलीत शांतताही मागणं मला बरं वाटेना. एक दिवस सात वाजता मोटर बंद झाली आणि खालून आवाज आला, "आते वाच."

मी मनातल्या मनात वाचू लागलो. पाच मिनिटांनी पुन्हा आवाज आला. "मोठ्यानं वाच. मनमा वाचस तर माले कसं समजी?"

त्यांना संशय होता की मी वर झोपा काढतो आणि त्यांची वीज फुकट जळते. त्या दिवसापासून रोज सात ते आठ खराद बंद. पावसाळ्यात ऑर्डर अडली तरी बंद. त्यांच्या धाकट्या बहिणीने एकदा पोळपाट कातून मागितला, तोही आठनंतर मिळाला. मी वरून ओरडून वाचायचो, ते खाली पान-तंबाखू चोळत ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून विचारायचे, "तो काल्हना राजा काबर हारना?" का हरला ते मी सांगितलं की म्हणायचे, "दखं कोनी?" मग मला सांगावं लागे की अमक्या प्रवाशाने लिहून ठेवलंय, तमका शिलालेख आहे. "तो प्रवासी कोणाच्या घरी उतरला होता?" "राजाच्या." "मग तो राजाचंच बोलेल." परीक्षेत एका उताऱ्याची विश्वसनीयता तपासा असा प्रश्न आला, तेव्हा मी अडीच पानं लिहिली. ती सगळी नानांची होती.

निकाल लागेपर्यंत ते मला 'अर्धा बी.ए.' म्हणायचे. लागल्यावर मार्कशीट उलटीसुलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला. त्यानंतर 'बी.ए.' म्हणू लागले.

पत्रांचंही तसंच. नानांना गावाकडून पत्र आलं की आधी मी वाचायचो. मग तेच पत्र घेऊन ते दोन गल्ल्या पलीकडे बहिणीकडे जायचे. तिला सगळे जिजी म्हणत. नवरा वारलेला, रेल्वेत होता. एक मुलगी. जिजी चौथी शिकलेली होती आणि बोट ठेवून वाचायची. दोघांचं वाचणं जुळलं तरच नाना ते पत्र खरं मानायचे. एकदा मी 'तब्येत बरी' वाचलं आणि जिजीने 'तब्येत बरी आहे' वाचलं. नाना परत आले आणि म्हणाले, "तू 'आहे' खाल्लं."

जिजी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची. शेडची दुसरी किल्ली फक्त तिच्याकडे होती. ती झाडायची, बडबडायची, भुशाचे ढीग बघून कपाळाला हात लावायची.

आता नानांच्या कामाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. पूर्वी ते लूमसाठी लाकडी बॉबिन कातायचे. प्लास्टिकचे आले आणि ते काम बसलं. मग पोळपाट, खाटेचे पाय, भोवरे. पण त्यांची खरी विद्या वेगळी होती. एका ओल्या खोडातून ते एकात एक बसणारे वाडगे काढायचे. ट्रकच्या कमानीच्या पात्यापासून त्यांनी विळ्यासारखी वाकडी हत्यारं स्वतः घडवली होती. खोड फिरत असताना ते हत्यार आत शिरवायचे, आणि आतल्या आत, दिसत नसताना, वळवत न्यायचे. आतला सर्वात लहान वाडगा आधी सुटून हातात यायचा. मग त्याच्या बाहेरचा. कांद्याच्या पाकळ्या आतून बाहेर काढाव्यात तसं. ओल्या लाकडाचं पाणी उडून त्यांचा सदरा भिजायचा आणि कापलेल्या लाकडाच्या लांब ओल्या फिती पायाशी साचायच्या.

हे काम ते दार बंद करून करायचे. मला एकदाच बघू दिलं, तेही हात पाठीमागे बांधून. मी विचारलं, वाळलेलं खोड का घेत नाही? ते म्हणाले, "वाळलेलं ऐकत नाही. आणि आख्खं खोड वाळवलं तर आपणहून फुटतं. ओल्यात काढायचं, मग हळूहळू वाळवायचं. त्याला कळता कामा नये की ते वाळतंय."

त्यासाठी कातलेले जाड वाडगे ते त्यांच्याच ओल्या भुशात गाडून गोणपाटात बांधून ठेवायचे. चार-पाच महिने. दर रविवारी पोतं सोडून वाडगा ताणकाट्याला टांगायचे आणि तळावर पेन्सिलने वजन लिहायचे. पाणी उडेल तसं वजन उतरतं. उतरायचं थांबलं की वाडगा वाळला. तोवर तो थोडा लांबट झालेला असतो. मग पुन्हा खरादावर चढवून गोल करायचा.

भुशात गाडून वाळवायची ही रीत मला नंतर कळली. त्या हिवाळ्यात मला फक्त एवढं दिसत होतं की खाली एका कोपऱ्यात पोती आहेत, त्यांना आंबूस वास येतो, नाना दर रविवारी दार लावून काहीतरी वजन करतात आणि विचारलं तर विषय बदलतात.

शेडच्या शेजारी पिठाची चक्की होती. चक्कीवाला काठियावाडचा. तो एक दिवस पीठ झटकत मला म्हणाला, "बी.ए.भाई, आ नाना अंदर शुं करे छे?"

"लाकूड कातात."

"लाकडानुं वजन कोण करे?" तो हसला. "वास आवे छे के नहीं? माल छे, माल."

गुजरातेत दारूबंदी. आमच्या मागच्याच गल्लीत महिन्यापूर्वी एका घरातून सडलेल्या गुळाची पिंपं निघाली होती आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही पोलीस घेऊन गेले होते. मला तेव्हा एका सरकारी कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी निवडपत्र आलं होतं. फक्त पोलीस चौकशी बाकी होती. चौकशी राहत्या पत्त्यावर होते. माझ्या बापाने निवडपत्र गावातल्या देवळात ठेवलं होतं.

मी पोत्यांकडे बघू लागलो. वास खरंच येत होता. बाभळीच्या सालीने दारू करतात हे मी ऐकलं होतं, आणि नानांच्या दारात साली पडलेल्या असायच्या. मी दोन वर्षं ज्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवलं, त्याचाच वास घेत मी जिना चढू-उतरू लागलो. 'दखं कोनी' हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. आता मला स्वतः पाहायचं होतं.

माळ्याला खाली उतरायची एक लाकडी झडप होती. माझ्या गादीखालीच. पूर्वी नाना स्वतः वर झोपायचे, म्हणून तिची कडी वरच्या बाजूने होती, म्हणजे माझ्या बाजूने. शेडच्या पुढच्या दाराला दोन कुलपं होती, मागच्या दाराला आडवा लोखंडी गज होता, खिडकीला जाळी आणि जाळीमागे फळी. या झडपेला खालून काहीच नव्हतं.

एप्रिलमध्ये नाना भाचीच्या लग्नाची बोलणी करायला चार दिवस गावाकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गादी सरकवली आणि खाली उतरलो.

पहिल्या पोत्यात वाडगा निघाला. दुसऱ्यात वाडगा, तिसऱ्यातही. चौथ्याची गाठ सुटेना. मी तिथेच भुशात बसलो आणि मला हसू आलं, आणि मग इतकी लाज वाटली की काही सुचेना. वाडगे ओले होते, गार होते आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली होती. आंबूस वास त्याचाच.

पुढचं मी चांगल्या मनाने केलं. आमच्याकडे उन्हाळ्यात ओलं असेल ते सगळं ऊन खातं. पापड, कुरडया, सांडगे, गाद्या, मिरच्या. माझ्या आईला बुरशी दिसली की तिचा हात आपोआप गच्चीकडे जायचा. आणि मी नोकरी करत होतो तिथे तर ओलं कापड तापत्या यंत्रातून मिनिटात कोरडं होऊन बाहेर पडायचं. नानांचे एवढे उपकार, त्यांचा माल सडतोय आणि त्यांना कळत नाही, असं मला वाटलं. मी तिन्ही वाडगे फडक्याने पुसले आणि शेडच्या छपरावर, पत्र्यावर मांडले. दुपारी जेवताना वरून दोनदा 'टक्' असा आवाज आला. मी म्हटलं, कावळा असेल. संध्याकाळी वाडगे आणून पुन्हा भुशात गाडले, गाठी होत्या तशा बांधल्या. बुरशी गेली होती. मला फार समाधान वाटलं.

रविवारी नाना ताणकाटा घेऊन बसले. मी वर होतो. पेन्सिलचा आवाज आला नाही. नेहमी दर वाडग्यामागे पेन्सिल लाकडावर खर्रकन चालायची. मी झडपेच्या फटीला डोळा लावला. नाना मोठा वाडगा मांडीवर घेऊन बसले होते आणि काठावरून अंगठा फिरवत होते. अंगठा एका जागी थांबला.

दुपारी जिजी डबा घेऊन आली. नानांनी डबा घेतला नाही.

"सव्वाशे ग्रॅम उतरायला पाहिजे होतं. अर्धा किलो उतरलं," ते म्हणाले. "कोनीतरी ऊन दाखाडं."

"मग माझ्याकडे काय बघतोस?"

"किल्ली तुझ्याकडे. आणि मागच्या महिन्यात तूच बोलनी व्हती, बुरसटलंय, ऊन दाखाड म्हनीसन."

"बोलनू म्हनीसन मी कयं का?" बोलले म्हणून मीच केलं का, असं विचारताना जिजीचा आवाज चढला. "मी हातबी लायेल नही. आणि माझ्याच अंगणातलं झाड नेलंस, काय करतोस ते एका शब्दाने सांगितलं नाहीस, वर मलाच?"

तेव्हा कळलं की ते खोड जिजीच्या अंगणातलं होतं. तिच्या नवऱ्याने मुलगी झाली त्या वर्षी लावलेला कडुनिंब. गटारीची लाइन अंगणातून गेली तेव्हा तोडावा लागला होता.

नाना उभे राहिले. "तुनी पोरनं रुखवत व्हतं ते! सात वाडगे. तिच्या बापाच्या झाडाचे. एका खोडातले सात, एकात एक. कोणाला सांगितलं असतं तर दृष्ट लागली असती. न सांगता लागलीच."

रुखवत म्हणजे लग्नात मुलीच्या बाजूने मांडायच्या वस्तू. भाचीच्या रुखवतात मामाची वस्तू लोक वाकून बघतात. जिजी डबा धरून तशीच उभी राहिली. ती रडली असती तर मी खाली उतरलो असतो, असं मी कितीदा स्वतःला सांगितलं आहे. ती रडली नाही.

"मना सख्खा भाऊ माले खोटी समजस," ती हळू म्हणाली. कंबरेची किल्ली काढून तिने खरादावर ठेवली. "मंग लगीनमा मामा म्हनीसन उभा ऱ्हाऊ नको."

त्यानंतर डबा बंद झाला. नाना टपरीवर पाव-भाजी खायचे. सात ते आठ खराद आपोआप बंद राहायचा, मला वाचायला काही उरलं नव्हतं तरीही. नानांनी सगळ्या गल्लीला विचारलं. चक्कीवाल्याला विचारलं, दुधवाल्याला विचारलं, वीजमीटर बघायला येणाऱ्याला विचारलं. मला विचारलं नाही. रोज जिन्यात भेटायचे आणि म्हणायचे, "जेवलास का बी.ए.?"

मी रोज ठरवायचो. पण चौकशी यायची होती, आणि खोली गेली तर पत्ता जातो, पत्ता गेला तर जागा जाते. हे खरं कारण होतं. दुसरं खोटं कारण मी स्वतःसाठी तयार केलं होतं की आता सांगून वाडगे काही जुळणार नाहीत.

मग पोस्टाने लग्नपत्रिका आली. दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या बहिणीने भावाला पोस्टाने पत्रिका पाठवली होती. नानांनी ती माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचली. नवरा, नवरी, तारीख, वार, मुहूर्त, स्थळ.

"मामानं नाव?"

पत्रिकेत मामाचं नाव नव्हतं. चुलत्यांची होती, आत्यांची होती. मला सहज बनवून वाचता आलं असतं. तपासायला जिजी नव्हती. पण नानांच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "नाही आहे."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. नाना पत्रिका घेऊन चक्कीवर गेले. चक्कीवाल्याला मराठी वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी ती त्याच्यापुढे धरली आणि बोटाने विचारलं, मामा कुठे? तो बिचारा प्रत्येक ओळीवर बोट ठेवत गेला. परत येऊन नाना खरादापाशी बसले आणि रिकामी मोटर चालू करून तशीच चालू ठेवली.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. तोंडाने मला जे सांगता येत नव्हतं, ते कागदावर असलं तर मला वाचावंच लागत होतं. नानांसमोर मी कधी कागद खोटा वाचला नव्हता. दुसऱ्या दिवशी पांडेसऱ्याच्या पोस्टातून मी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि तिथेच उभ्याने लिहून पेटीत टाकलं. पत्ता: नाना कातारी, चक्कीशेजारी, डिंडोली. माझा पत्ताही तोच.

तीन दिवस मी पोस्टमनच्या वेळेला आजारी असल्याचं सांगून घरी राहिलो. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. लग्नाला आठ दिवस होते. नानांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, शिक्का बघितला, मला हाक मारली आणि नेहमीसारखं पुढे केलं. "वाच."

मी वाचलं. शेवटपर्यंत. नानांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. एक 'आहे'सुद्धा खाल्लं नाही. मग त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, टोपी घातली, शेडला दोन्ही कुलपं लावली आणि जिजीच्या गल्लीकडे चालू लागले.

लग्नात रुखवतावर सात वाडगे होते. चार धड, तीन पितळी तारेचे टाके घातलेले. लोक वाकून बघत होते ते टाकेच. नाना नवरीच्या पाठीशी उभे होते आणि भटजींना मुहूर्ताची वेळ दोन घड्याळांवर बघायला लावत होते.

लग्नानंतरच्या आठवड्यात चौकशीला पोलीस आला. नानांना विचारलं, "छोकरो केवो छे?" मी जिन्यात उभा होतो. नाना म्हणाले, "मारा एकलाना केवा पर न जशो, बीजाने पण पूछजो." माझ्या एकट्याच्या सांगण्यावर जाऊ नका, दुसऱ्यालाही विचारा. आणि वर जोडलं, "खोटुं नथी बोलतो. साचुं बोलवामां जरा वार लगाडे छे." खोटं बोलत नाही, खरं बोलायला जरा वेळ लावतो. पोलिसाने काय लिहिलं माहीत नाही, पण जागा मला मिळाली.

त्यानंतर मी माळ्यावर आणखी दीड वर्ष राहिलो. झडप होती तशीच राहिली. पत्र हे असं होतं:

"तीर्थरूप नाना यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही मलाच वाचायला द्याल, म्हणून लिहितो आहे. तोंडाने सांगायला गेलो तर मी अर्धं गिळीन. लिहिलेलं गिळता येत नाही, हे तुम्हीच मला लावलेलं वळण आहे.

तुमच्या वाडग्यांना ऊन कोणी दाखवलं, हे तुम्ही सगळ्या गल्लीला विचारलं. दखं कोनी? नाना, मी दखं. छपरावर ते मीच मांडले. जिजींनी त्यांना हातही लावलेला नाही. त्या दिवशी त्या शेडकडे फिरकल्याही नाहीत.

आधी मला वाटलं, तुम्ही पोत्यांत दारू ठेवता. ज्या माणसाने माझ्यासाठी दोन वर्षं रोज एक तास खराद बंद ठेवला, त्याच्यावर मी हा संशय घेतला. चक्कीवाल्याने सांगितलं आणि मी धरलं. तो कोणाच्या घरी उतरला होता, हे मी विचारलं नाही. पोती उघडल्यावर माझा संशय गेला, पण तेव्हा तुमचं बरं करायचं म्हणून मी वाडग्यांना ऊन दिलं. लाकडाला कळू न देता वाळवायचं असतं, हे तुम्ही मला एकदा सांगितलं होतं. मी ते फक्त ऐकलं.

नंतर मी तीन आठवडे गप्प राहिलो, ते नोकरीसाठी. दुसरं कारण नाही.

खोली सोडायला सांगाल तर सोडीन. पण चार वाडगे धड आहेत आणि लग्नाला दिवस आहेत. त्या मुलीच्या पाठीशी तुम्हीच उभे राहायला हवं.

माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवू नका. नेहमीप्रमाणे हे दुसऱ्याकडूनही वाचून घ्या. ते जिजींकडूनच घ्या.

तुमचा,
माळ्यावरचा बी.ए.

ता. क. झडपेची कडी माझ्या बाजूने आहे. सगळ्या दारांना कुलपं लावलीत, हे एक राहिलं. खालूनही एक कडी बसवून घ्या."